जागल

बारावीनंतर काय करायचे, या प्रश्नाला आमच्या घरात आजवर ठरलेली उत्तरे मिळत आली होती. मुलाने अभियांत्रिकी म्हटले, मुलीने डी.एड. म्हटले आणि आम्ही माना डोलावल्या. त्यामुळे २०२४ च्या जून महिन्यात, समाजशास्त्राच्या कोऱ्या पुस्तकाला कव्हर घालता घालता नातीने "मला पुढे गुन्हेगारीशास्त्र शिकायचंय," असे जाहीर केले तेव्हा घरात क्षणभर कोणी बोलेना. सूनबाईंना वाटले, मुलगी पोलिसात जाणार. मुलाला वाटले, हे सारे दूरचित्रवाणीवरील मालिकांचे खूळ. तिच्या आजोबांना गेली सहा वर्षे कंपवात आहे आणि बोलताना शब्द अडतात. ते सावकाश म्हणाले, "म्हणजे चोरांचा अभ्यास?"

"चोरांचा नाही आजोबा. चोरी का होते, त्याचा."

महाराष्ट्रात अकरावी-बारावीला गुन्हेगारीशास्त्र नावाचा स्वतंत्र विषय नाही. भंडाऱ्यासारख्या गावी कला शाखेतील विद्यार्थिनीने समाजशास्त्र आणि मानसशास्त्र घ्यावे आणि बाकीचे स्वतः वाचावे, एवढाच मार्ग. पुढे मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठ आहे, गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे. ही सगळी माहिती तिने माझ्याआधी काढलेली होती. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आपल्या बारावीच्या बरोबरीने, वेल्सच्या परीक्षा मंडळाने गुन्हेगारीशास्त्राचा अभ्यासक्रमच आखला. तो तिने कुठून तरी मिळवला, छापून घेतला आणि वहीत चिकटवला. सायंकाळी तिची उजळणी घेणे हे माझे काम ठरले. मी सदतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकविले आहे. पुस्तक हाती धरून प्रश्न विचारण्याची सवय सेवानिवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात शेवटी सामाजिक समस्यांचे प्रकरण आहे. त्यात बेरोजगारी आहे, शेतकऱ्यांच्या आत्महत्या आहेत, कौटुंबिक हिंसाचार आहे, व्यसनाधीनता आहे, आणि या पंगतीत वृद्धत्वही बसविलेले आहे. "म्हणजे मी आणि तुझे आजोबा मिळून दोन समस्या," असे मी म्हटले तेव्हा ती खूप हसली. मीही हसले. तेव्हा मला हसता येत होते.

जुलै-ऑगस्टमध्ये तिचे वाचन इटलीच्या लोम्ब्रोसोपर्यंत पोहोचले. हा मनुष्य डॉक्टर. तुरुंगातील कैद्यांची डोकी, जबडे, कान मोजून त्याने १८७६ साली ग्रंथ लिहिला, की गुन्हेगार जन्मतःच वेगळा असतो आणि तो चेहऱ्यावरून ओळखता येतो. पुढच्या अभ्यासकांनी हे म्हणणे निकालात काढले. पण त्याच्या ग्रंथाच्या पाच वर्षे आधी, १८७१ साली, इंग्रज सरकारने आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा करून ठेवलेला होता. संपूर्ण जमातीच जन्माने गुन्हेगार ठरविल्या. लहान मूलसुद्धा त्या शिक्क्यातून सुटत नसे. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा रद्द झाला आणि त्या जमातींना विमुक्त म्हटले जाऊ लागले.

हे ती वाचून दाखवीत असताना मला एक मुलगा आठवला. १९७८ सालची गोष्ट. माझ्या वर्गातील संचयिकेचे अकरा रुपये नाहीसे झाले. वर्गात विमुक्त जमातीच्या पालावरून येणारा एक मुलगा होता. सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या आणि माझी सर्वांत आधी. मी त्याचे दप्तर सर्वांदेखत उलटे केले. त्यातून एक पाटी, एक शिळी भाकर आणि गोफणीचा दगड पडला. चार दिवसांनी ते पैसे हजेरीपटाच्या पुठ्ठ्यात सापडले. तोवर त्याने शाळा सोडलेली होती. मी त्याच्या पालावर गेले नाही. नातीला मी हे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग एवढेच म्हणाली, "चोर कसा दिसतो हे तुला आधीच माहीत होतं, आजी."

चोर कसा दिसतो हे मला माहीत होते. म्हणूनच पुढे जे घडले ते घडले, असे आज मला वाटते.

पोळ्यानंतरचा आठवडा होता. धानाच्या बांध्या हिरव्यागार, बाहेर पावसाची झड. मुलगा रोज नागपूरला जाऊन-येऊन नोकरी करतो, सूनबाई तालुक्याच्या ठिकाणी, नात महाविद्यालयात. दुपारी घरात आम्ही दोघेच. पावणेदोनला भ्रमणध्वनी वाजला. माझ्या नावाने परदेशी जाणाऱ्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, माझा आधार क्रमांक त्यावर आहे, असे एका सभ्य आवाजाने सांगितले आणि फोन ‘वरिष्ठां’कडे जोडून दिला. मग व्हिडिओ सुरू झाला. गणवेशातील अधिकारी, मागे तिरंगा, टेबलावर फायली, भिंतीवर राजमुद्रा. हिंदी शुद्ध, वागणे अदबीचे. "माताजी, आप डिजिटल अरेस्ट में हैं." कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, कोणाशी बोलायचे नाही, दार लावून घ्यायचे.

मी दार लावून घेतले.

दोन वाजता ह्यांची गोळी असते. ज्यांच्या घरी कंपवाताचा रुग्ण आहे त्यांना हे घड्याळ सांगायला नको. लेव्होडोपाची गोळी वेळेवर पोटात गेली तर माणूस हात उचलतो, घोट गिळतो, चार पावले टाकतो. वेळ टळली की अंग लाकडासारखे होत जाते. आतल्या खोलीतून ह्यांनी मला हाक मारली. मी त्या गणवेशधाऱ्याला विचारले, "माझ्या यजमानांना औषध द्यायचे आहे, दोन मिनिटे जाऊ का?" तो म्हणाला, आधी तपास. आणि मी, जिने एके काळी चाळीस मुलांचा वर्ग एका नजरेने गप्प केला, ती खाली मान घालून बसून राहिले. आतून आणखी दोनदा हाक आली. मग हाक येणे थांबले.

खात्याची ‘पडताळणी’ म्हणून मी दोन वेळा मिळून पंच्याण्णव हजार रुपये पाठविले. तपास झाला की ते परत येणार होते. त्यानंतर मुदत ठेव मोडण्याविषयी तो बोलू लागला, एवढ्यात, सव्वाचार वाजता, फाटकाशी नातीच्या सायकलची घंटा वाजली. समोरचे चित्र तत्क्षणी नाहीसे झाले. मी आत धावले. हे कुशीवर वळण्याच्या प्रयत्नात अर्धवट अडकलेले होते, मूठ आवळलेली, चादर ओली. गोळी दिली, तिचा परिणाम यायला तासभर लागला. नातीने विचारले, "काय झालं आजी? गोळी राहिली का?"

"डोळा लागला होता माझा," मी म्हणाले.

पैसे गेले हे दुःख होतेच. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात ती रक्कम लहान नाही. पण रात्री मला जागे ठेवीत असे ती बाहेरून ऐकलेली तिसरी हाक. आणि त्याहून वाईट गोष्ट म्हणजे, मी भीत होते ती पोलिसांना किंवा चोरांना नव्हे. भीत होते मुलाला. तो रागावेल म्हणून नाही. तो समंजस आहे, म्हणूनच. तो शांतपणे म्हणेल, आई, आता तुझ्याकडून होत नाही. फोन माझ्याकडे दे, पासबुक दे, बाबांसाठी माणूस ठेवू. सहा वर्षे मी ह्यांना भरविले, न्हाऊ घातले, त्यांच्या गोळ्यांची वही ठेवली. ती वही माझ्या हातून जाईल या धास्तीने मी तोंड मिटले.

शरीर मात्र बोलत होते. रक्तदाब १७० वर १०० निघाला. झोप गेली, छातीत धडधड, जेवणावरून मन उडालेले. डॉक्टरांनी विचारले, "काही ताण आहे का?" मी नाही म्हटले. त्यांनी गोळीची मात्रा वाढविली. त्यांचा दोष नाही. जे मी सांगितलेच नाही त्यावर ते काय औषध देणार? आमच्या वयाच्या किती माणसांच्या औषधाच्या चिठ्ठ्यांत असे न सांगितलेले प्रसंग मात्रा होऊन बसले असतील, कोण जाणे.

२७ ऑक्टोबरच्या रविवारी सकाळी अकरा वाजता ह्यांच्यासाठी रेडिओ लावला. पंतप्रधानांचे ‘मन की बात’ सुरू होते. त्यांनी अशाच एका फोनचे ध्वनिमुद्रण ऐकविले आणि सांगितले, की डिजिटल अटक अशी कोणतीही गोष्ट कायद्यात नाही. थांबा, विचार करा, कृती करा. माझ्या हातातील पोह्यांची ताटली तशीच राहिली. माझी दुपार साऱ्या देशाला ऐकू येत होती. याचा एक अर्थ असा होता, की मी एकटी नव्हते. पण त्या क्षणी मला एवढेच सुचले, की आता घरातील सर्वजण म्हणतील, ‘कसे फसतात हे लोक!’ मुलाने तसे म्हटलेही.

दिवाळीनंतर नातीचा समाजशास्त्राचा प्रकल्प आला. तिने विषय निवडला, ज्येष्ठ नागरिकांविरुद्धचे गुन्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालात यासाठी स्वतंत्र प्रकरण असते आणि त्यात महाराष्ट्राचे नाव वरच्या राज्यांत दिसते. तेथून तिने सुरुवात केली. मग प्रश्नावली तयार केली आणि पहिली उत्तरदाती म्हणून मला समोर बसविले. नाव नको, वय ७१, शिक्षण, उत्पन्नाचे साधन. नववा प्रश्न असा होता: आपली कधी फसवणूक झाली आहे काय? झाली असल्यास प्रथम कोणाला सांगितले?

"नाही," मी म्हणाले. तिने त्या चौकटीत सुवाच्य अक्षरात ‘नाही’ लिहिले आणि दहाव्या प्रश्नाकडे वळली. तिचे अक्षर मीच वळविले आहे.

त्या आठवड्यात उजळणीला तिने त्या वेल्सच्या अभ्यासक्रमातील पहिला भाग काढला. तो खुनांपासून, बोटांच्या ठशांपासून सुरू होत नाही. त्यात सुरुवातीलाच न नोंदविलेले गुन्हे येतात. लोक गुन्हा का सांगत नाहीत याची कारणे त्यात मांडलेली आहेत आणि त्यांत अगदी सुरुवातीला दोन शब्द येतात, भीती आणि लाज. पोलिसांच्या दप्तरात न आलेल्या या गुन्ह्यांना अभ्यासक ‘काळा आकडा’ म्हणतात. काळा म्हणजे अंधारातला. "या आकड्याची गंमत काय आहे, आजी," ती म्हणाली, "तो कोणालाच माहीत नसतो. ज्याला माहीत असतो तो सांगत नाही." मी पुस्तक हाती धरून ऐकत होते. अंधारातला आकडा तिच्यासमोर चष्मा लावून बसला होता.

पुढचे पान १९७९ सालचे होते. कोहेन आणि फेल्सन या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी म्हटले, की गुन्हा घडायला तीन गोष्टी एका वेळी, एका ठिकाणी याव्या लागतात: करायला टपलेला माणूस, हाताशी येणारे सावज आणि राखण करणाऱ्याचा अभाव. सावज मूर्ख असावे लागते, असे त्यात कोठेही नाही. तिसऱ्या गोष्टीला मराठी शब्द कोणता द्यावा, हे तिने मला विचारले. "सक्षम संरक्षक लिहिलंय मी, पण ते सरकारी वाटतं."

"जागल," माझ्या तोंडून निघाले.

तिला तो शब्द ठाऊक नव्हता. भंडाऱ्याच्या शहरी घरात वाढलेल्या मुलीला कसा असणार? माझे माहेर कोक्याच्या जंगलालगतचे. धान पोटरीवर आले की रानडुकरे उतरत. वडील रात्री जागलीला जात. त्यांच्याजवळ बंदूक नव्हती. एक घोंगडी, एक रिकामा डबा, शेकोटी आणि आवाज. मचाणावरून ते तासातासाने आरोळी देत आणि पलीकडच्या बांधीतून दुसरा ओ देई, त्याच्या पलीकडून तिसरा. एखाद्या रात्री एकाकडून ओ आली नाही तर बाकीचे कंदील घेऊन त्याच्या मचाणाकडे जात. त्याला झोप लागली असेल, ताप भरला असेल, साप चावला असेल. मी लहान असताना विचारले होते, "बाबा, डुकरं तुम्हाला भितात का?" ते म्हणाले, "मले नाई भेत. हाकेले भेतेत."

हे सांगता सांगता माझा आवाज चिरकला. मी आरोळी दिलीच नव्हती. अडीच महिने माझ्या मचाणावरून ओ आली नव्हती आणि सर्वांनी मानले होते, की आजी जागी आहे.

मी तिला सगळे सांगितले. दिवा मोठा न करता, तिच्याकडे न पाहता. तिचा पहिला प्रश्न होता, "किती वाजता सुरू झालं?" दुसरा, "पैसे कोणत्या खात्यात गेले, ते मेसेज आहेत का?" ‘का’ असा प्रश्न तिने विचारला नाही. नंतर माझ्या लक्षात आले, की तो प्रश्न न विचारणे हाही तिच्या अभ्यासाचाच भाग होता. आतल्या खोलीतून आवाज आला. आम्हाला वाटले, हे झोपले आहेत. एकेक शब्द वेगळा काढीत हे म्हणाले, "मला... ऐकू... येत होतं. तू... सांगत नव्हतीस... म्हणून मी..." वाक्य पुरे झाले नाही. अडीच महिने त्यांनीही माझी लाज राखली होती. त्या रात्री आम्ही तिघांनी दूध घेतले आणि मला झोप लागली.

मुलाला सांगणे अधिक कठीण गेले. अपेक्षेप्रमाणे तो ओरडला नाही. "आई, तू पैसे पाठवलेसच कसे?" एवढे तो म्हणाला आणि मग तेच, फोन, पासबुक, माणूस. नातीने त्याला थांबविले. हेंटिग नावाच्या अभ्यासकाने १९४८ साली गुन्ह्याला बळी पडणाऱ्यांचे प्रकार पाडले, त्यांत म्हातारी माणसेही एका प्रकारात घातली. पुढे लोकांनी त्यावर टीका केली, की अशाने दोष गुन्हेगारावरून बळीवर सरकतो. हे तिने बापाला जेवणाच्या टेबलावर असे काही सुनावले, की सूनबाई पदराआड हसल्या. "बाबा, राखण म्हणजे कुलूप नाही," ती म्हणाली. "आजीचा फोन घेतलात तर पुढच्या वेळी ती आपल्यालाही हाक मारू शकणार नाही."

शेवटी जे ठरले ते साधे होते. बँकेत जाऊन फोनवरून एका दिवसात पाठविता येणाऱ्या रकमेची मर्यादा अगदी कमी करून घेतली. फोन माझ्याकडेच राहिला, वहीसुद्धा. आणि रोज दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी मुलगा नागपूरहून फोन करतो. "गोळी?" तो विचारतो. "दिली." दहा सेकंदांचे बोलणे. मी उचलला नाही तर तो शेजारच्या काकूंना करतो. त्याला हे जागलीवरून सुचले की नाही, मी विचारलेले नाही.

दुसऱ्या दिवशी १९३० या क्रमांकावर फोन केला आणि सायबर पोलीस ठाण्यात गेलो. अडीच महिने म्हणजे फार उशीर. हा क्रमांक पहिल्या तास-दोन तासांत लावला तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडविण्याची शक्यता असते; माझे पैसे तोवर कितीतरी खात्यांतून निघून गेले होते. ते परत आले नाहीत. तेथे कळले, की ज्याला आपण जन्मभर ‘चारसोबीस’ म्हणत आलो ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झाले आहे. म्हणी मात्र कायद्याने बदलत नाहीत. आणखी एक गोष्ट नातीने शोधून काढली, ती प्रत्येक घरी फोनजवळ लिहून ठेवावी अशी आहे: नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसारही कोणत्याही स्त्रीला, साठीपुढच्या पुरुषाला किंवा गंभीर आजारी माणसाला साक्षीदार म्हणून चौकशीसाठी राहत्या घराबाहेर हजर राहण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. जो खरा असेल तो दारात येईल; तो व्हिडिओवर बसवून ठेवणार नाही आणि पैसे तर मागणारच नाही.

डॉक्टरांनाही सांगितले. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बाई, हे तेव्हाच सांगायचं होतं." दोन महिन्यांनी वाढविलेली मात्रा पुन्हा खाली आली.

प्रकल्प अजून पुरा व्हायचा होता. डिसेंबरातील एका रविवारी मुलगा घरी थांबला आणि मी नातीबरोबर पवनीकडच्या, वैनगंगेकाठच्या एका गावी गेले. मी तेथे नोकरीला होते. देवळाच्या सभामंडपात दहा-बारा म्हातारी माणसे जमली. काही माझ्या विद्यार्थ्यांचे आईवडील, दोघे-तिघे तर पूर्वीचे सहकारी. नातीने प्रश्न वाचायला सुरुवात केली. नवव्या प्रश्नाला सर्वांचे उत्तर एकच, नाही. कोणी विडीचे थोटूक चुरगाळीत होता, कोणी नदीकडे पाहत होती. मला ते ‘नाही’ ओळखू आले.

मी म्हणाले, "आधी माझं लिहून घे." आणि पंच्याण्णव हजारांची, ओल्या चादरीची, तीन हाकांची गोष्ट सांगितली. शिकविणारी बाई फसली, हे ऐकून सगळे गप्प झाले. मग कोपऱ्यातून एक निवृत्त गुरुजी म्हणाले, हयातीच्या दाखल्यासाठी म्हणून मलाही फोन आला होता, मी आकडे सांगून बसलो. एकीला भर बाजारात तोतया पोलिसांनी ‘पुढे खून झाला आहे, दागिने पुडीत बांधून ठेवा’ म्हणून सांगितले. घरी येऊन पुडी उघडली तर आत खडे. एकाचे एटीएम कार्ड मदत करणाऱ्या तरुणाने बदलले. बोलता बोलता माणसे हसू लागली. इतका वेळ मी भीत होते ते हसणे हे नव्हते.

एक म्हातारी शेवटपर्यंत बोलली नाही. सर्वजण चहाला उठले तेव्हा ती माझ्याजवळ सरकली. दोन एकर धानाची बांधी मुलाच्या नावे करून दिली. आता जेवण ओसरीवर मिळते आणि तेही सुनेला आठवले तर. हे ती अगदी हलक्या आवाजात सांगत होती. "आता कोनाले सांगू बाई? पोरगाच हाय माहा. लोक हासतीन."

तिला मी २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाच्या कायद्याविषयी सांगितले. उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साधा अर्ज करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली जमीन, सांभाळ केला नाही तर, परत मागता येते. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा क्रमांक आहे, तेथे आधी नुसते बोलताही येते. तिने सगळे ऐकून घेतले. क्रमांक नातीने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला. तो तिने घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला. ती अर्ज करील असे मला वाटले नाही. मुलावर अर्ज करणे सोपे आहे, असे मला कोणी सांगू नये.

नातीने पेन हातात धरून विचारले, "आजी, तुमचं उत्तर ‘हो’ लिहू का?"

म्हातारीने आधी माझ्याकडे पाहिले, मग देवळाबाहेर, जिथे बाकीचे चहा पीत होते.

"लिव," ती म्हणाली. "पन नाव नोको लिवू."

नातीने चौकटीत ‘हो’ लिहिले. प्रथम कोणाला सांगितले, या रकान्याशी ती जरा थांबली आणि तिथे त्या दिवसाची तारीख टाकली. म्हातारीला अजून बोलायचे होते. साडेचारची एस.टी. आम्ही जाऊ दिली.